"माय फादर गो टू फॅक्टरी" – चूक पोरीची, सरांची की मराठीची?

उद्यमबागचा_लेथवाला (धागा सुरू केला, मंगळवार रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागला लेथवर असतोय, माझं इंग्लिश ड्रॉइंग वाचण्यापुरतं, म्हणजे डाया किती आणि टॉलरन्स किती, त्याच्या पुढं गाडी जात नाही. पोरगी मराठी मीडियमला आठवीत आहे. काल तिची वही बघितली, निबंध होता "माय फादर", म्हणजे माझ्यावरच. तर तिनं लिवलंय ते जसंच्या तसं देतो:

माय फादर गो टू फॅक्टरी ॲट एट ओक्लॉक. ही वर्क ऑन लेथ मशीन. ही कम होम ॲट सेव्हन. ही लाइक कुंदा.

(कुंदा म्हणजे आमच्या बेळगावची मिठाई.) चार वाक्यं, चार लाल गोल, आणि प्रत्येक गोलाच्या वर एकच अक्षर, एस. दहापैकी चार मार्क. मी म्हटलं अगं एवढं साधं कसं चुकतंय, तर ती मला म्हणती, "पप्पा, सरांनीच फळ्यावर लिहून दिलंय, जातो म्हणजे गोज आणि जातात म्हणजे गो. आता तुम्ही काय 'जातो' होय? पप्पा जातात की!"

मी गपच झालो. म्हणजे तिनं मला मान दिला म्हणून तिचे मार्क गेले काय? ह्याच्यावर पोरीला काय सांगायचं ते कुणीतरी सांगा, बायको म्हणती ट्यूशन लाव, खरं ट्यूशनमधे पण परत तोच फळा असणार.

---

टिळकवाडीकर७

सोप्पं आहे हो. ही, शी, इट ला एस लावायचा, आय, वी, यू, दे ला नाही. पाठ करायला लावा, दोन दिवसात होतंय. एवढ्यासाठी धागा काढायची गरज नव्हती.

---

कुंदाप्रेमी

ही लाइक कुंदा ला तरी पूर्ण मार्क द्यायला पाहिजे होते सरांनी. बेळगावात राहून त्याच्यावर गोल मारायचा म्हणजे काय 😄

---

जुना_मास्तर_खानापूर

लेथवाले, तुमच्या पोरीला माझ्याकडून शाबासकी सांगा. टिळकवाडीकर म्हणतात ते पाठांतर तिचं झालेलंच असणार, ती नियम विसरलेली नाही, तिनं नियम बरोबर चालवलाय, फक्त जो तक्ता दिला तोच अर्धा आहे. मी तीस वर्षं ह्याच भागात मराठी शाळांतून इंग्रजी शिकवलं आणि पहिली काही वर्षं मीसुद्धा फळ्यावर तेच लिहीत होतो, जातो बरोबर गोज, जातात बरोबर गो. फार उशिरा लक्षात आलं की आपल्या 'जातात'चे दोन धंदे आहेत. पुष्कळ माणसं असली तरी जातात, आणि एकच माणूस पण मोठा असला तरी जातात. पोरं शेतात जातात, आजोबा शेतात जातात. इंग्रजीच्या क्रियापदाला हा दुसरा धंदा माहीतच नाही. ते फक्त डोकी मोजतं. वय बघत नाही, हुद्दा बघत नाही, पगार बघत नाही. पप्पा एक, म्हणून गोज. कलेक्टर एक, म्हणून गोज. इंग्लंडचा राजा असला तरी द किंग गोज, त्याला कुणी द किंग गो म्हणत नाही.

तेव्हा तिला "जातो म्हणजे गोज" असं सांगूच नका. तिला विचारा, किती जणं? बास. एक डोकं असेल आणि ते मी किंवा तू नसेल तर एस.

आणि हे भांडण फक्त साध्या वर्तमानकाळात आहे हे पण तिला सांगा म्हणजे अर्धं ओझं उतरतंय. भूतकाळात वेंट, तिथं पप्पा वेंट, पोरं वेंट, म्हैस वेंट, सगळ्यांना एकच. विल, कॅन, मस्ट ह्यांना तर कर्ता कोण आहे ह्याच्याशी देणंघेणंच नाही, ही कॅन, दे कॅन. फक्त बी चं कुटुंब हट्टी आहे, ॲम इज आर, आणि त्यांच्यातले वॉज नि वेअर भूतकाळातसुद्धा वेगवेगळे राहतात.

एक काम करा. तिच्या जुन्या वहीत "माय मदर" असा निबंध असेल तर काढून बघा. मी पैज लावतो की तो बरोबर असणार.

---

उद्यमबागचा_लेथवाला

मास्तर, तुम्ही पैज जिंकला!! जुलैतला निबंध सापडला. माय मदर गेट्स अप ॲट फाइव्ह. शी कुक्स फूड. शी वॉशेस क्लोद्स. शी टीचेस माय ब्रदर. एक पण एस चुकला नाही, वॉशेस ला ईएस सुद्धा बरोबर लावलाय. दहापैकी आठ.

हे कसं काय ते मला अजून नीट कळालं नाही, खरं बायकोला दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे मला घरात सगळी एकेरी म्हणत्यात म्हणून मला आठ, आणि तुम्हाला अहो म्हणत्यात म्हणून चार. बरं झालं की!"

---

जुना_मास्तर_खानापूर

वहिनींना सगळं कळालं, आता मी काय सांगू. आई जाते, आजी जाते, म्हणून मदर गोज. पप्पा जातात, सर जातात, म्हणून फादर गो. ज्या घरात वडिलांना "बाबा, तू" म्हणतात त्या घरातलं पोर हे चुकत नाही, मी ताडून बघितलंय.

---

निपाणीची_काकू

मी घरी सातवी ते नववीची पोरं घेते, इंग्लिश आणि गणित, मला ह्या 'अहो'चा मेळ आज लागला, इतकी वर्षं मी पोरांना "लक्ष नाही तुझं" म्हणून ओरडत होते 🙈 आता माझ्याकडच्या दोन चुका सांगते त्यापण मराठीतूनच आल्यात का बघा.

एक म्हणजे हॅव. पोरं लिहितात रीना हॅव टू ब्रदर्स. हॅज कितीही घोकून घेतला तरी पुढं टू ब्रदर्स आलं की परत हॅव. पण रीना हॅज अ कॅट बरोबर लिहितात!

दुसरी म्हणजे डझन्ट गोज. ही डझन्ट गोज टू स्कूल. हे तर दहातली आठ पोरं. हे मात्र मी सोडवलंय माझ्या पद्धतीनं. मी पाटीवर गो च्या डोक्यावर एस म्हणून एक खडू उभा करते आणि सांगते की घरात खडू एकच आहे. डू आला की तो खडू डू उचलून नेतो आणि डझ होतो, आता गो कडं काय उरलं? काही नाही. मग डझन्ट गो. प्रश्नात पण तेच, डझ ही गो. एका पोरानं विचारलं काकू, दुसरा खडू आणला तर? त्याला म्हटलं आण, मार्क तुझेच जातील.

---

जुना_मास्तर_खानापूर

काकू, खडूची युक्ती मी ढापली. पहिल्याचं उत्तर असं. "रीनाला दोन भाऊ आहेत" ह्या वाक्यात 'आहेत' कुणामुळं झालं? भावांमुळं. मराठीत इथं रीनाला 'ला' लागला, ती बाजूला बसली आणि क्रियापद भावांच्या मागं गेलं. एक भाऊ असता तर "रीनाला एक भाऊ आहे". पोर मनात हेच वाक्य म्हणतं आणि भावांकडं बघून हॅव लिहितं. इंग्रजीत मालक रीना, भाऊ कितीही असू देत, हॅज.

भूतकाळात तर आपलं क्रियापद उघड उघड कर्त्याला सोडून जातं. पोरीनं आंबा खाल्ला, पोरीनं पोळी खाल्ली, पोरीनं आंबे खाल्ले. खाणारी तीच आहे, बदलतंय ते खाल्लेलं. ह्यालाच आपण व्याकरणात कर्मणी प्रयोग म्हणून शिकलो आणि पेपर झाल्यावर विसरलो. इंग्रजीत हे नाही. कर्ता सोडून कर्माच्या मागं जायची मुभाच नाही तिथं.

---

पीयूसी_सेकंड_इयर

मास्तर मी पीयूसी सेकंडला, म्हणजे बारावीला आहे आणि भाऊ एफडीएची, म्हणजे सरकारी कारकुनाच्या परीक्षेची तयारी करतोय, त्याच्या प्रॅक्टिस पेपरात हे सगळं पाच-सहा मार्काला असतंय आणि आम्ही दोघंपण ह्याच्यात मार खातोय. द बॅग ऑफ बुक्स इज का आर? कानाला आर बरोबर वाटतंय. बुक्स आर. आन्सर की मधे इज.

---

जुना_मास्तर_खानापूर

कानाला आर बरोबर का वाटतंय ते सांगतो, कारण ह्यात पण आपली मराठीच आहे, पण ह्यावेळी मानपानाचा प्रश्न नाही, बसायच्या जागेचा आहे.

"पुस्तकांची पिशवी जड आहे." बघ, पुस्तकं आधी, पिशवी नंतर, आणि पिशवी क्रियापदाच्या बाजूला. आपल्याकडं मुख्य नाम नेहमी शेवटी येतं, क्रियापदाच्या जवळ. "गल्लीतल्या पोरांची टीम जिंकली", जिंकली कोण, टीम. म्हणून आपल्या कानाला जन्मापासून सवय की क्रियापदाच्या जवळचं नाम धरायचं. इंग्रजीत तेच वाक्य उलटं होतं. द बॅग पुढं गेली, ऑफ बुक्स मधे आलं आणि बुक्स क्रियापदाला खेटून बसलं. कान जवळचं धरतो आणि फसतो. खुद्द इंग्रज लोकसुद्धा घाईत असं चुकतात, त्यामुळं वाईट वाटून घेऊ नकोस.

तोडगा म्हणजे बोट. ऑफ पासून क्रियापदाच्या अलीकडंपर्यंत बोटानं झाकायचं. द बॅग ( ) इज हेवी. वन ( ) इज ॲबसेंट, म्हणून वन ऑफ द बॉइज इज ॲबसेंट. द प्रिन्सिपल ( ) इज कमिंग, मधे अलाँग विथ द टीचर्स किंवा ॲज वेल ॲज द टीचर्स असलं तरी टीचर्स झाकले गेले, प्रिन्सिपल एकटेच उरले. पण प्रिन्सिपल अँड टीचर्स असेल तर बोट ठेवायचं नाही, अँड मधे आला की दोघंही कर्ते, तिथं आर.

---

पीयूसी_सेकंड_इयर

बोटवाली ट्रिक भारी आहे खरं फेल पण जातीय. अ लॉट ऑफ बॉइज ला बोट ठेवलं तर लॉट उरतंय, मग लॉट इज? आन्सर की मधे आर आहे. आणि द नंबर ऑफ स्टुडंट्स इज आणि अ नंबर ऑफ स्टुडंट्स आर, एकाच शब्दाला दोन न्याय??

---

जुना_मास्तर_खानापूर

बरोबर पकडलास. अ लॉट ऑफ, अ नंबर ऑफ हे दिसायला नाम, कामाला विशेषण. त्यांचा अर्थ "पुष्कळ" एवढाच. पुष्कळ पोरं, मग आर. अ लॉट ऑफ मिल्क असेल तर दूध मोजता येत नाही म्हणून इज. पण द नंबर म्हणजे खरोखरचा आकडा, वर्गात त्रेचाळीस ही संख्या, आकडा एकच, म्हणून इज. एवढ्या दोन-चार ठिकाणी बोट उचल.

आयदर ऑर आणि नायदर नॉर ची तऱ्हा मात्र पूर्ण वेगळी, तिथं इंग्रजी आपल्यासारखी वागते, क्रियापदाला जे जवळ ते धरते. नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स आर, उलटं केलं तर नायदर द स्टुडंट्स नॉर द टीचर इज. तिथं तुझा मराठी कान बिनधास्त वापर.

ईच, एव्हरी, एव्हरीबडी एकवचन. मॅथेमॅटिक्स, न्यूज, मीझल्स ह्यांच्या शेवटी एस दिसतो पण ती एकवचनी. पोलीस आणि पीपल ला एस दिसत नाही पण ती अनेकवचनी, द पोलीस आर. एवढं पाठच कर, इथं तर्क चालवायला गेलास तर वेळ जाईल.

---

वडगाव_टू_पुणे

सगळ्यांचा आदर ठेवून बोलतो, हे जरा जास्तच होतंय असं वाटत नाही का. मी आयटीत आहे, रोज क्लायंटशी बोलतो, ही गो म्हटलं तरी समोरच्याला कळतं. इंग्लंडच्या नॉरफोक भागात तर लोक बोलताना अजूनपण ही गो, शी से असंच म्हणतात, एस लावतच नाहीत. आणि क्रिकेटच्या कॉमेंट्रीत इंडिया आर बॅटिंग म्हणतात ते चालतं? देश एक, मग इज पाहिजे ना? म्हणजे त्यांचंच त्यांना नक्की नाही आणि आपण बेळगावात बसून पोरांचे मार्क कापतोय.

---

कुंदाप्रेमी

म्हणजे लेथवाल्यांची पोरगी नॉरफोकची निघाली म्हणा की 😄😄

---

निपाणीची_काकू

वडगावकर, तुम्ही आता पुण्यात नोकरीत बसलाय म्हणून बोलताय. तुमच्या इंटरव्ह्यूच्या आधी तुम्ही पण हॅज हॅव घोकला असणार. आमच्या पोरांचा पेपर नॉरफोकचे लोक तपासत नाहीत.

---

जुना_मास्तर_खानापूर

वडगावकरांची नॉरफोकची गोष्ट खरी आहे, बोलीत तसं चालतं, जसं आपल्याकडं "मी जाते" च्या ठिकाणी बायकासुद्धा काही गावांत "मी जातो" म्हणतात आणि कुणाचं अडत नाही. पण पेपर प्रमाण भाषेत असतो, मराठीचा पण.

इंडिया आर चं कारण वेगळं. टीम, फॅमिली, कमिटी असल्या शब्दांत ब्रिटिश पद्धतीला आतली माणसं डोळ्यासमोर असतील तर आर चालतं, इंडिया म्हणजे तिथं अकरा खेळाडू. अमेरिकेत बहुतेक वेळा इज. परीक्षेत आपल्याकडं सहसा इज धरतात, तेच लिहावं.

---

शहापूरचा_मागवाला

मी घरात मराठी, बाहेर कन्नड, आणि शाळा कन्नड मीडियम, म्हणून जरा वेगळं सांगतो. मास्तर म्हणतात तो अहो चा घोटाळा फक्त मराठी पोरांचा नाही. कन्नडमधे पण वडलांना बरुत्तारे (येतात) च म्हणायचं, बरुत्ताने (येतो) म्हटलं तर घरात मार खायचा. त्यामुळं माझ्या वर्गातली कन्नड पोरं पण फादर गो च लिहायची, शाळा कुठलीपण असू दे.

दुसरं म्हणजे मला नेहमी हसू येतंय ते असं. कन्नडमधे तो आला बंदनु, ती आली बंदळु, ते आलं बंदितु, ते लोक आले बंदरु, ती जनावरं आली बंदवु. मराठीत आला आली आलं आले आल्या. इंग्लिशमधे ह्या सगळ्याला मिळून एक शब्द, केम. आमची पोरं एवढं मोठं गाठोडं खेळता खेळता डोक्यात घेऊन फिरत्यात, पहिलीतलं पोर पण "म्हैस आला" म्हणत नाही, आणि अडकत्यात कुठं तर एका एस ला. मग पोरं ढ कशी? मला तर वाटतंय त्यांना सवय जास्तीची आहे, म्हणून अडकत्यात.

एक प्रश्न मास्तरांना. इंग्लिशमधे मान नाही म्हणता, मग एकट्या माणसाला यू आर का? तू एकटाच तर आहेस, यू इज पाहिजे.

---

जुना_मास्तर_खानापूर

वा. हा प्रश्न मला एकदा सहावीतल्या पोरानं विचारला होता आणि मी "असंच असतंय" म्हणून बसवला होता, अजून टोचतंय.

पूर्वी इंग्रजीत एकट्याला थाउ होतं, थाउ आर्ट, म्हणजे आपलं तू. यू हे पुष्कळांसाठी, तुम्ही. मग मोठ्या माणसाला मानानं यू म्हणायची पद्धत पडली, अगदी आपल्या अहोसारखी, आणि ती पसरत पसरत इतकी पसरली की थाउ बोलण्यातून गेलंच. म्हणून आज एकट्या माणसाला, शिपायाला, मांजरालासुद्धा यू आर. म्हणजे मान होता, पण तो फक्त तोंडावर उरला. समोर यू आर आणि पाठ वळली की ही इज. लेथवाले, पोरीला असंच सांगा, इंग्रज तोंडावर अहो म्हणतो आणि पाठीमागं एकेरी, तिला बरोबर लक्षात राहील.

आणि हा एस सुद्धा पहिल्यापासूनचा सगळीकडचा नाही. इंग्लंडच्या दक्षिणेकडं गोएथ, मेकेथ असं एथ लावत होते, एस उत्तरेकडचा. १६११ च्या किंग जेम्स बायबलात अजून एथ च आहे. कॅम्पातल्या चर्चला जाणाऱ्या कुणाला विचारलं तर ते म्हणून दाखवतील. पुढं उत्तरेचा एस जिंकला आणि आपल्या पोरांच्या वहीत येऊन बसला.

---

टिळकवाडीकर७

मी पाठ करा म्हटलं होतं ते मागं घेतो. माझा पोरगा काल रात्री "माय टीचर टीच अस वेल" लिहून बसला होता. सर शिकवतात. बरोबर की.

---

उद्यमबागचा_लेथवाला (पुढचा रविवार)

मंडळी उशीर झाला, फॅक्टरीत ओव्हरटाइम होता. पोरीला सगळं सांगितलं. "किती जणं" हे तिला लगेच बसलं. बोटाची ट्रिक तिनं माझ्या डब्यावर केली, द बॉक्स ऑफ चपातीज, चपात्या बोटानं झाकल्या, इज. खडू आमच्याकडं नव्हता म्हणून अगरबत्तीची काडी घेतली, ती मोडली ते सोडा.

तोंडावर अहो आणि पाठीमागं एकेरी हे ऐकून मात्र तिला राग आला. म्हणाली असली कसली भाषा. तरीपण शुक्रवारी "माय ग्रँडफादर" लिहिला, बारा वाक्यं, एक एस राहिला फक्त, हॅज बरोबर, डझन्ट वॉच टीव्ही पण बरोबर. पहिलं वाक्य माय ग्रँडफादर गोज टू द फील्ड एव्हरी मॉर्निंग.

काल आम्ही खानापूरकडं गावी गेलो, भाताची कापणी आहे, तर वही बरोबर घेतली खरं ती आजोबांना दाखवायला तयार होईना. मला कानात म्हणती, पप्पा, त्यात आजोबांना एकेरी लिवलंय. शेवटी मीच वाचून दाखवलं आणि गोज म्हणजे काय ते पण सांगितलं. आजोबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, त्या गोज वर बोट ठेवून म्हणाले, "बरोबर लिवलंय की. रोज सकाळी मी एकटाच जातोय. दुसरं कोण येतंय शेतात?"

आणि माझ्याकडं बघितलं.